वयाची माफी आणि हर्षित सर

जी गोष्ट पुढच्या वर्षी फुकट मिळणार आहे तिच्यासाठी या वर्षी पैसे मोजणारा माणूस एकतर प्रेमात पडलेला असतो, नाहीतर त्याच्या घरात हिशेब ठेवणारं कोणी नसतं. आमच्या घरात हिशेब ठेवणारा मी आहे. कोलशेतला एका रंगाच्या कारखान्यात मी कित्येक वर्षं अकाउंट्स बघतो. सुदेशसाहेबांनी सही केलेल्या व्हाउचरवर देवसुद्धा शंका घेणार नाही, अशी तिथे माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली असली तरी खोटी नाही.

त्यामुळे रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता हेमांगी, म्हणजे आमची ही, म्हणाली की तिला परीक्षेसाठी पैसे भरून ऑनलाइन कोर्स लावायचाय, तेव्हा मी आधी पोहे संपवले. भरल्या पोटी नकार शांतपणे देता येतो.

परीक्षा कसली ते सांगतो. हेमांगी सरकारी नोकरीत लिपिक आहे. तिच्या खात्यात वरिष्ठ लिपिक व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते. बाकीचे पेपर तिने केव्हाच काढले, पण लेखा, म्हणजे हिशेबाचा पेपर, दोनदा थोडक्यात राहिला. (अकाउंटंटची बायको हिशेबात नापास झाली, हे मी कारखान्यात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.) मात्र सरकार मनाने मऊ असतं. कर्मचाऱ्याने पन्नाशी पूर्ण केली की परीक्षा माफ. नुसतं जगत राहायचं. हेमांगीची पन्नाशी होळीच्या आसपास भरत होती आणि परीक्षा होती फेब्रुवारीत. म्हणजे जे मिळवायला फेब्रुवारीत घाम गाळायचा, तेच मार्चमध्ये केक कापून मिळणार होतं. मग कोर्स कशाला?

हे सगळं मी तिला मुद्देसूद समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि माझी बशी उचलली.

"माफीची यादी दरवर्षी कोण टाइप करतं?"

कोण करतं ते मला माहीत होतं. आस्थापनेच्या टेबलावर तीच बसते. एप्रिल आला की वयामुळे परीक्षा माफ झालेल्यांची यादी तीच तयार करते, आणि मग त्या यादीतल्यांना ऑफिसात वर्षभर 'माफीतले' म्हणतात तेही तीच ऐकते.

"पुढच्या यादीत माझं नाव मीच टाइप करायचं," ती म्हणाली आणि बशी धुवायला गेली. एका बशीला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पाणी त्या दिवशी नळातून गेलं.

मी कोपरीत राहतो. आमच्याकडे कुठलाही प्रश्न घरातल्या घरात सुटत नाही, तो आधी जिन्यात जातो. तळमजल्यावर दगडूशेठ राहतात. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या अडचणीही आपल्याच मालकीच्या आहेत असं ते धरून चालतात. त्यांच्या घरी पूर्वी मिठागराचं काम होतं. प्रकरण ऐकून त्यांनी विचारलं, पास होऊन वाढतो तो पगार आणि माफीने वाढतो तो पगार, दोन्ही सारखेच ना? मी म्हटलं, पैशापैशाला सारखे. "मंग मीठ ते मीठ," शेठ म्हणाले. "वरच्या खाचरातला काय, खालच्या खाचरातला काय. पन बाय म्हनते ना, तर लावून दे."

हिशेब माझ्या बाजूने आणि निकाल तिच्या बाजूने, असे न्यायाधीश फक्त तळमजल्यावर मिळतात.

समोरच्या वैशालीचं म्हणणं वेगळं. ती शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करत होती. तिच्या मते पैसे भरल्याशिवाय अभ्यास होतच नाही. फुकटचे व्हिडिओ बघताना माणूस मध्येच मेंदीचे व्हिडिओ बघतो. दगडूशेठचा पुतण्या रत्नदीप पोलीस भरतीच्या मागे होता. तो म्हणाला, काका, सगळे ॲपवाले चुना लावतात, पण एकात चुना जरा कमी आहे.

तेव्हा मी घरात एक प्रस्ताव मांडला, आणि तो मांडताना मला स्वतःच्या औदार्याने भरून आलं होतं. हिशेब शिकवायला घरात जातिवंत माणूस असताना बाहेर पैसे का द्यायचे? मीच शिकवतो. रोज संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, विनामूल्य.

पहिल्या दिवशी मी जमा आणि नावे यांच्यापासून सुरुवात केली. हेमांगीने एक शंका विचारली, मी तिला तीन उत्तरं दिली. तिने विचारलेल्या शंकेचं उत्तर त्यात नव्हतं असं ती म्हणते. दुसऱ्या दिवशी घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, झाला. तिसऱ्या दिवशी आमटी करपली आणि चौथ्या दिवशी तिने वही मिटली.

"तुम्ही 'हे तर साधं आहे' असं म्हणालात ना, की मला पुढचं काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आणि तुम्हाला मध्ये थांबवता येत नाही."

मी म्हटलं, कोर्समधल्या माणसाला येतं का?

"येतं. बटण असतं."

त्याच संध्याकाळी मी कोर्स घ्यायला मंजुरी दिली. पण माझं नाव सुदेश आहे, उधळ्या नाही. रत्नदीपच्या त्या कमी चुन्याच्या ॲपमध्ये एक वार्षिक पास होता, आणि पासात सगळ्याच परीक्षांचे कोर्स उघडे होते. एका हेमांगीसाठी अख्खं दुकान विकत घेणं मला पटेना. म्हणून वैशाली, रत्नदीप आणि आम्ही असा एकच पास मिळून घेतला. आमच्या इमारतीत पाणी ठरलेल्या वेळेला येतं, तशाच कोर्सच्या वेळा ठरवल्या: सकाळी रत्नदीप, दुपारी वैशाली, संध्याकाळी हेमांगी. कोणी दुसऱ्याच्या वेळेत नळ उघडायचा नाही. पास माझ्या नावावर आणि माझ्या मोबाइल नंबरावर घेतला, कारण जबाबदार माणूस मी.

इथे माझ्या हातून एक बारीकशी गोष्ट निसटली. दर वेळी दुसऱ्या फोनवरून आत शिरायचं झालं की ॲप ओटीपी पाठवायचं, आणि तो यायचा माझ्या फोनवर. रत्नदीप पहाटे मैदानावरून धावून आला की मला उठवायचा. वैशालीचं पोर दुपारी झोपलं की तिचा फोन यायचा, आणि पोर कधी झोपेल याला काही धरबंध नव्हता. एकदा कारखान्यात ऑडिटर बसलेले असताना तिचा फोन आला. मी हळूच सहा आकडे सांगितले आणि फोन ठेवला. समोर बसलेल्या ऑडिटरांच्या मदतनीस पोरीने ते पिवळ्या रंगाच्या ड्रमचा शिल्लक साठा म्हणून लिहून घेतले. तो खुलासा करायला मला आठवडा लागला, आणि सुदेशसाहेबांच्या सहीवर देवाने नव्हे पण कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा शंका घेतली.

मग एका संध्याकाळी नेमकं हेमांगीच्या वेळेला ॲप बंद पडलं. संशयास्पद वापर, असं लाल अक्षरांत आलं. हेमांगी बंद पडद्यासमोर पुस्तक उघडून तशीच बसून राहिली. परीक्षा दीड महिन्यावर आलेली.

मी कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर करिश्मा नावाची मुलगी आली. तिने गोड आवाजात विचारलं की सर, आप कौनसे एग्जाम की तैयारी कर रहे हैं? आपके अकाउंट में पुलिस भरती, बालमानसशास्त्र और सरकारी लेखा, तीनों चल रहे हैं.

सरळ माणसाला खोटं बोलायची सवय नसते, म्हणून तो वाईट खोटं बोलतो. मी म्हटलं, मुझे हर चीज में रुची है.

"सर, आपकी उम्र चौवन लिखी है," करिश्मा म्हणाली. "पुलिस भरती में?"

मागे रत्नदीप भिंतीला टेकून तोंड दाबून हसत होता. मी शरण गेलो आणि सगळं सांगितलं: हेमांगीची परीक्षा, माफीची यादी, पाण्याच्या वेळा. करिश्मा म्हणाली की पास ती सुरू करून देईल, पण यापुढे एकच उपकरण. बदललं की कायमचं बंद. कौनसा रखूं सर?

मी हॉलमधल्या टीव्हीकडे बघितलं.

अशा रीतीने आमचा हॉल क्लास झाला. वेळा पाळणं कोणाला जमेना, त्यामुळे ज्याला जेव्हा फुरसत तेव्हा तो येऊन बसे, आणि दुसऱ्याचा तास चालू असेल तर तोही ऐके. वैशाली पोराला मांडीवर घेऊन सरकारी लेखा ऐकायची. दगडूशेठ पुतण्यावर लक्ष ठेवायला म्हणून यायचे आणि बालमानसशास्त्राच्या तासाला हटकून थांबायचे. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसायचो. तिथून टीव्ही दिसत नाही, पण ऐकू येतो.

लेखा शिकवायला हर्षित सर होते. मिसरूड जेमतेम फुटलेलं, गळ्यात माइकची वायर, मागे खोट्या विटांची भिंत. या पोराने नोकरीत अजून एक तरी व्हाउचर फाडलंय की नाही याची मला शंका होती. पण तो शिकवायचा असा: "मित्रांनो, अग्रिम म्हणजे काय? सासूकडून आगाऊ घेतलेले पैसे. आधीच्या पैशांचा हिशेब दिल्याशिवाय ती दुसरे देते का? नाही देत. सरकारही नाही देत." हेमांगी हसायची आणि बटण दाबून सरांना थांबवायची. मग समोरच्या जाडजूड नियमपुस्तकात, त्याच नियमाच्या बाजूला, पेन्सिलीने 'सासू' असं लिहायची. हर्षित सरांनीच सांगितलं होतं, वही करू नका, पुस्तकातच लिहा, कारण या पेपरला पुस्तक सोबत नेता येतं. ते खरंही आहे. लेख्याचा पेपर पुस्तक उघडून लिहायचा असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मग नापास कसे होतात? पुस्तक सातशे पानांचं असतं आणि वेळ तीन तासांचा, म्हणून होतात.

एकदा मला राहवलं नाही. सर घसाऱ्याबद्दल काहीतरी बोलून गेले आणि मी मेथीची जुडी घेऊन बाहेर आलो. म्हटलं, चूक आहे हे. रत्नदीपने तत्परतेने सरांना थांबवलं. मी उभ्या उभ्या बाजू मांडली. सगळ्यांनी ऐकली. मग हेमांगी, पेन्सिल कानामागे अडकवलेली, अगदी हलक्या आवाजात म्हणाली की तुमच्या कारखान्यात असं असेल, सरकारात मात्र पैसा आला तेव्हा जमा आणि गेला तेव्हा खर्च. घसारा इथे येतच नाही. सर तेच सांगताहेत.

"साधं आहे, काका," रत्नदीप म्हणाला.

ते ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. हेमांगीचं म्हणणं तेव्हा मला नीट कळलं.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी प्रवेशपत्र आलं. सोबत सूचना होत्या. त्यातली एक ठळक अक्षरांत होती: सोबतचं पुस्तक छापील हवं, झेरॉक्स चालणार नाही, आणि पुस्तकात हाताने लिहिलेला मजकूर आढळल्यास पुस्तक जप्त केलं जाईल. मागच्या दोन वेळांना असलं कोणी बघितलंही नव्हतं. यंदा कोणा साहेबाच्या मनात आलं असावं.

हेमांगीने पुस्तक उघडलं. एकही पान कोरं नव्हतं. नियमांच्या कडेने सासू, नणंद, गावची जत्रा, बाण, चौकटी, 'इथे फसवतात', 'हे विसरू नकोस गं'. कोर्सचा सगळा ऐवज त्या पेन्सिलीत होता.

हेमांगी परीक्षेच्या रजेवर होतीच, शुक्रवारी मीही रजा टाकली आणि नवं पुस्तक आणायला निघालो. सरकारी पुस्तकांच्या खिडकीवर कळलं की पुस्तक छपाईला गेलंय. कधी येईल? खिडकीतला माणूस म्हणाला, छापून झाल्यावर. मग म्हणाला, डाउनलोड करून घ्या की. मी सूचनापत्र दाखवलं. त्याने ते माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं आणि परत देताना म्हणाला, नियम चांगला आहे. तिथेच कोणीतरी कल्याणच्या एका जुन्या पुस्तकवाल्याचं नाव सांगितलं. त्याच्याकडे एक प्रत निघाली. मी पैसे काढले, पान उलटलं, तर आत कोण्या परीक्षार्थीने सातशेच्या सातशे पानं निळ्या शाईने भरलेली. पुस्तकवाल्याला वाटलं ही जमेची बाजू आहे. त्याने त्याबद्दल जास्त पैसे लावले होते.

मी रिकाम्या हाताने घरी आलो. काय तोंड दाखवायचं असा विचार करत दार ढकललं, तर हॉलमध्ये सतरंजी. वैशाली, रत्नदीप, दगडूशेठ गोलात बसलेले आणि मध्ये हेमांगी. प्रत्येकाच्या हातात खोडरबर. हेमांगीने शिवण उसवून पुस्तकाचे चार भाग केले होते. नंतर पुन्हा शिवून घ्यायला शेठचा ओळखीचा बाइंडर तयार होता. फाडलेलं पुस्तक चालणार नाही असं सूचनेत कुठे म्हटलेलं नव्हतं, ते तिने आधी तपासलं होतं.

"बसा," ती मला म्हणाली. "दाबून घासू नका, अक्षर जाईल."

मी बसलो. लेखी पुरावा नष्ट करणं माझ्या उभ्या कारकिर्दीत मी केलं नव्हतं. पहिलं पान पुसताना हात अडला. बाजूला तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दौरा + किरकोळ रजा = नणंदेकडे मुक्काम.' मी विचारलं, हे पुसू? याचा अर्थ काय ते आधी सांग, मग पुसतो. नंतर तुला लागलं तर?

"दौऱ्यावर असताना किरकोळ रजा घेतली तर त्या दिवसाचा भत्ता नाही," ती न बघता म्हणाली. "नणंदेकडे राहिलं तर जेवणाचं बिल कसं लावणार? पुसा."

मग तीच पद्धत पडली. तिला विचारल्याशिवाय कोणी काही पुसेना. वैशाली विचारी, ताई, हा बाण कुठे जातो? हेमांगी सांगे, पुढच्या प्रकरणात, पेन्शनच्या तक्त्याला. पूस. दगडूशेठना बारीक अक्षर दिसत नव्हतं, ते पान तिच्यासमोर धरत आणि विचारत, बाय, हे पुसू का? आणि ती नियम सांगे. त्यांनी एका पानाला जोर जरा जास्त लावला, कोपरा फाटला, आणि शेठ पोरासारखे कावरेबावरे झाले. तिने चिकटपट्टी लावून घेतली. काही नाही होत, मामा, त्या कोपऱ्यात नियम नव्हता. रत्नदीपने एकदा मुद्दाम 'सासू' झाकून विचारलं. तिने अग्रिमाचा नियम पोटनियमासकट सांगितला आणि वर त्याला विचारलं, तुझ्या पोलीस खात्यात वेगळा आहे का?

दुपार उलटली तरी आम्ही घासत होतो. कोर्ससाठी मोजलेला पैसा काळ्या वळ्या होऊन सतरंजीवर जमत होता, आणि हेमांगी एकेका पानाला निरोप देत होती. मध्येच केव्हातरी ती थांबली. हातातल्या कोऱ्या झालेल्या पानाकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मला येतंय हे."

माझ्याकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी केरसुणी आणली आणि वळ्या सुपलीत भरल्या.

परीक्षेत पर्यवेक्षकाने तिचं पुस्तक उजेडात तिरकं धरलं होतं म्हणे. पेन्सिलीचे ठसे कागदात राहतातच. त्याने विचारलं, हे काय? ती म्हणाली, पुसलंय, सर. त्याने पुस्तकाचा वास घेतला, नव्याने शिवलेली पाठ बघितली, चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि पुस्तक परत दिलं. पेपरात तिने ते फारसं उघडलं नाही.

होळी झाली, पन्नाशी भरली, केकही कापला. एप्रिल आला तरी निकाल नव्हता आणि तिच्या ऑफिसातले साहेब यादी मागत होते. हेमांगीने दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तिने यादी टाइप केली, आणि अनुक्रमाने जिथे यायचं होतं तिथे स्वतःचं नाव टाइप केलं. त्या संध्याकाळी तिने मला हे सांगितलं आणि आम्ही दोघांनी भेंडीच्या भाजीबद्दल बराच वेळ चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यात असताना तिचा फोन आला. आधी पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "खोडलं. यादीतून. एका बटणात गेलं."

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. दगडूशेठ ती पास झाल्याचे पेढे घेऊन आले आणि मीठ ते मीठ असं आपण कधी म्हटलंच नव्हतं, असं त्यांनी वैशालीच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. करिश्मा होती. पासाची मुदत संपत आली होती आणि तिला अभिप्राय हवा होता. सर, कोर्स फायदेमंद रहा? हां या ना?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं माझ्या व्यवसायाशी बेइमानी ठरली असती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि घसा खाकरला. म्हटलं, देखिए मॅडम, ये इतना साधा नहीं है. पदोन्नती तशीही मिळणारच होती, म्हणून त्या बाजूला फायदा धरता येत नाही. खर्चाच्या बाजूला पासाचा आमचा वाटा, खोडरबरं, बाइंडिंग, माझी एक रजा. आता जमेच्या बाजूला काय येतं ते बघू. एक तर—

हेमांगीने टीपॉयवरचा रिमोट उचलला, माझ्यावर रोखला आणि बटण दाबलं.

मी थांबलो.

"हां," ती फोनमध्ये म्हणाली.